मदत हवी आहे: अभ्यासदौऱ्याच्या अर्जात ‘व्यक्तिमत्त्वविकास’ या रकान्यात काय लिहावे?

सुरसागरकाठ
नमस्कार. परदेशी अभ्यासदौऱ्याचा अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा आहे आणि त्यातील एकच रकाना अडला आहे. ‘या अभ्यासक्रमामुळे आपल्या व्यक्तिमत्त्वाचा कोणता विकास झाला आणि परदेशातील वास्तव्याने तो पुढे कसा जाईल?’ असा प्रश्न आहे. मी काहीही लिहायला घेतले तरी आत्मविश्वास वाढला, दृष्टी व्यापक झाली, अशा वाक्यांपाशी येऊन थांबते, आणि ती वाक्ये कोणाच्याही अर्जात खपून जातील अशी आहेत. नेमके काय लिहावे ते कृपया लवकर सांगा. नमुना मिळाला तर फारच बरे होईल.

जिज्ञासू
अभ्यासक्रम कोणता, देश कोणता, शब्दमर्यादा किती आणि अर्ज वाचणार कोण, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हे कळल्याशिवाय नमुना देणे म्हणजे रोगी न पाहता औषध देण्यासारखे होईल.

कारेलीबागकर
माझी भाची अशाच दौऱ्यावर जाऊन आली, म्हणून अनुभवाने सांगतो की व्हिसाची कागदपत्रे आधी हातात घ्या. ब्रिटनला जाणार असाल आणि मान्यताप्राप्त संस्थेतील शिक्षण सहा महिन्यांच्या आत संपणार असेल, तर अभ्यागत व्हिसा पुरतो. खर्च कोण करणार आहे, याचे बँकेचे पुरावे मात्र नीट लावा. शाकाहारी असाल तर पहिल्या आठवड्यासाठी थेपले आणि हिरवा चिवडा सोबत असू द्या.

सुरसागरकाठ
काका, आभारी आहे, पण व्हिसाचा प्रश्न निवड झाल्यानंतरचा आहे. जिज्ञासू, मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला इतिहास घेतला आहे. ‘बडोदा संस्थान आणि ब्रिटिश साम्राज्य’ अशी अभ्यासपत्रिका आहे आणि तिला जोडून लंडनमध्ये महिनाभर अभिलेखागारात काम करायचे आहे. मर्यादा पाचशे शब्दांची आहे. अर्ज आमचे आणि तिकडचे प्राध्यापक मिळून वाचणार आहेत. आता तरी सांगा.

जिज्ञासू
मग विषय हाताशीच आहे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बडोद्याच्या विद्यार्थ्याला परदेशी शिक्षणाने काय दिले याचे याहून मोठे उदाहरण मिळणार नाही. त्यानेच सुरुवात करा.

फतेगंज
मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि अशा निवडसमित्यांवर बसले आहे, म्हणून याला विरोध नोंदवते. बडोद्याहून येणाऱ्या अर्जांपैकी निम्मे तरी याच वाक्याने सुरू होतात. शिवाय हे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. करारानुसार संस्थानाची नोकरी करण्यासाठी डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये या शहरात परतले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहात ते उतरले, तर तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. परदेशात विद्या मिळवून आलेल्या माणसाला आपल्या शहराने कसे वागवले, हा प्रश्न बडोदेकरांनी स्वतःला विचारावा असाच आहे. पण तो इतिहास त्यांचा आहे. अर्जाच्या शोभेसाठी तो उसना घेऊ नये.

निवृत्त दफ्तरदार
मला मूळ कल्पनाच पटत नाही. लंडनला जाऊन काय वाचणार? रेसिडेंटाने, म्हणजे दरबारातील इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीने, वरिष्ठांना काय लिहिले ते. दरबाराने काय लिहिले ते येथे, मोडी लिपीत पडून आहे, आणि ते वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. रियासतकार सरदेसाई बडोद्याच्या नोकरीत राहून मराठ्यांचा इतिहास लिहू शकले, कारण त्यांनी मूळ कागद वाचले. सहा महिने मोडी शिका, व्यक्तिमत्त्वाचा विकास आपोआप होईल.

फतेगंज
काका, मोडीबद्दल आपण म्हणता ते सर्व मान्य आहे. पण सरदेसाई सयाजीरावांबरोबर युरोपातही जाऊन आले होते, आणि त्यांनी इंग्रजी कागद टाकून दिले नाहीत. लंडनमधून भारताचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसचे दफ्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते आपल्याविषयीचे असूनही आपण पाहायचे नाही, हा आग्रह मला समजत नाही.

निवृत्त दफ्तरदार
पाहू नये असे मी म्हटलेले नाही. आधी घरचे पाहावे, एवढेच म्हटले आहे.

फतेगंज
सुरसागरकाठ, आता माझा प्रश्न. या अभ्यासक्रमात असा एखादा कागद आला का, की ज्यापूर्वी आपण एक मानत होता आणि ज्यानंतर तसे मानणे अवघड झाले? गुणांची यादी नको. तो एक कागद सांगा.

सुरसागरकाठ
हो. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचे प्रकरण. आमच्या घरात ते दोन तऱ्हांनी सांगितले जाते. आजोबांच्या मते महाराजांनी रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केला, म्हणून इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढले. आत्याच्या मते इंग्रजांनी सगळाच बनाव रचला. मी आत्याच्या बाजूची होते. वर्गात आम्ही या विषप्रयोगाच्या आरोपावरील १८७५ च्या चौकशी आयोगाचे छापील कामकाज वाचले. महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे बॅरिस्टर इंग्लंडहून आणले होते आणि त्यांनी सरकारी साक्षीदारांची घेतलेली उलटतपासणी विलक्षण आहे. आयोगात तीन इंग्रज होते आणि तीन भारतीय, म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी ठरवले, भारतीय सदस्यांना आरोप सिद्ध झाल्याचे मान्य झाले नाही. तरी एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत केले, आणि जाहीरनाम्यात विषप्रयोगाचा आधार न घेता गैरकारभाराचे कारण दिले. म्हणजे आजोबा म्हणत ते कारण अधिकृत कागदावर नाहीच. दुसरीकडे, संस्थानातल्या रयतेच्या आणि सरदारांच्या तक्रारी १८७३ मध्ये वेगळ्या आयोगापुढे आल्या होत्या, त्या सगळ्याच बनावट होत्या असे आत्यालाही म्हणता येणार नाही. आता जेवणाच्या वेळी हा विषय निघाला की मी कोणाचीच बाजू घेत नाही. ‘हे कशावरून?’ असे विचारते, आणि घरी ते कोणालाच आवडत नाही.

फतेगंज
मग अडले कोठे? हेच लिहा. वाचणाऱ्याला ‘माझी दृष्टी व्यापक झाली’ हे वाक्य नको असते, ती कोठून कोठे गेली ते हवे असते. आणि लंडन कशासाठी, याचे उत्तरही यातच आहे. विषप्रयोगाचा आरोप बाजूला ठेवून गैरकारभाराचे कारण पुढे करावे, हे कसे ठरले? कोलकात्याचे सरकार आणि लंडनमधील भारतमंत्री यांच्यातला पत्रव्यवहार पाहिल्याशिवाय ते कळणार नाही. ज्याचे उत्तर येथे बसून मिळत नाही असा प्रश्न घेऊन जाणारी विद्यार्थिनी समितीला हवी असते.

निवृत्त दफ्तरदार
हे वाचून माझा विरोध बराच सौम्य झाला आहे. एक भर घालतो. रयतेच्या तक्रारींची दरबारी बाजू मोडीत शोधावी लागेल हेही अर्जात लिहा, आणि परतल्यावर ती लिपी शिकणार असाल तरच लिहा. शिकवायला मी तयार आहे, दांडिया बाजारात राहतो.

कारेलीबागकर
ब्रिटिश लायब्ररीचे वाचकपत्र विनामूल्य मिळते, पण त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. भाचीने पत्त्याचा कागद घरी ठेवला होता, त्यामुळे तिचा पहिला दिवस वाया गेला.

सुरसागरकाठ
काका, ही सूचना खरोखर उपयोगी आहे. निवेदनाची सुरुवात अशी केली आहे: ‘मल्हारराव गायकवाडांना कोणत्या कारणासाठी पदच्युत केले, याची दोन उत्तरे मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्यांपैकी एकावर माझा विश्वास होता. आयोगाचे कामकाज वाचल्यावर दोन्ही उत्तरे अपुरी वाटू लागली. या अभ्यासक्रमाने मला अधिक प्रगल्भ आणि सहिष्णु बनवले.’ दफ्तरदारकाका, मोडीचे मी लिहिणार आहे. परतल्यावर कोणत्या वेळी येऊ ते सांगावे.

फतेगंज
तिसरे वाक्य काढा. त्या जागी आजोबांना आपण काय विचारले आणि त्यांनी काय उत्तर दिले ते लिहा. बाकीचे जसेच्या तसे राहू द्या.

निवृत्त दफ्तरदार
सकाळी आठनंतर केव्हाही. बोरू आणि जाड कागद घेऊन या.