शेवभाजी खा, ऊस मात्र कापूनच

ताई, व्हेनिअर (दातांच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच) बसवल्यावर शेवभाजी सोडावी का, असं तुम्ही विचारलंय. आपल्या खान्देशात ती सोडायला सांगणं जिवावर येतं, आणि गरजही नाही. पोर्सिलेनच्या (चिनी मातीसारख्या) व्हेनिअरवर हळद-तिखटाचा डाग सहसा चढत नाही. कंपोझिटचे (दाताच्या रंगाच्या रेझिनचे) मात्र पिवळट पडतात, म्हणून जेवल्यावर लगेच खळखळून चूळ भरा.

खरी भीती कडक वस्तूंची. दातांनी ऊस सोलणं, सुपारी फोडणं, कडक बट्टीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडणं बंदच करा. मिश्री, कोळशाची पावडर अजिबात नको. चकाकी खरवडून जाते. हिरडीलगतची कड मऊ ब्रशने रोज साफ ठेवा, कीड तिथूनच आत शिरते. जपले तर पोर्सिलेनचे १०-१५ वर्षं टिकू शकतात. आणि झोपेत दात खात असाल, तर डॉक्टरांकडून नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं संरक्षक आवरण) करून घ्याच.