पांढरा शर्ट, काळा बिल्ला : मॉर्मन मिशनरी पोरांचे तुमचे अनुभव

हिमगौरी

गेल्या शनिवारी सासूबाईंना आणायला सॉल्ट लेकच्या विमानतळावर गेले होते. (अमेरिकेतल्या युटामधलं शहर, मॉर्मन या स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या पंथाचं मुख्य ठिकाण.) बाहेर यायच्या दाराशी ही गर्दी! फुगे, हाताने रंगवलेले फलक, आज्या, कडेवरची पोरं. कुणी खेळाडूबिळाडू येतोय की काय असं वाटलं. मग एक काटकुळा मुलगा बाहेर आला. सूट ढगळ झालेला, बुटांच्या टाचा एका बाजूला झिजलेल्या. त्याची आई जी धावली ना... मिशन, म्हणजे घर सोडून धर्मप्रचार, संपवून आलेला; दोन वर्षांनी बघत होती त्याला. सासूबाई नेमक्या त्याच्या मागून आल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, एवढी माणसं कशाला आणलीस?"

गाडीत आमच्या जुन्या शेजारणीचा मुलगा आठवला. २०१५ साली अठराचा झाला आणि मिशनवर जायचा अर्ज केला. तेव्हा देश कोणता मिळाला ते पोस्टाने यायचं, जाडजूड पांढऱ्या पाकिटात. ते सगळ्यांसमोर फोडायचं. आम्हालाही बोलावलं होतं, भिंतीवर जगाचा नकाशा, ज्याने त्याने आपल्या अंदाजाची टाचणी टोचायची. मी ब्राझील म्हटलं होतं. निघालं तैवान! पोराला धड काड्यांनी खाताही येत नव्हतं.

इथल्याच प्रोवो गावातल्या मिशनरी ट्रेनिंग सेंटरमध्ये काही आठवडे चिनी शिकवली आणि दिलं पाठवून. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्यातून एक ईमेल. ती बाई ते मलाही फॉरवर्ड करायची. सायकल पंक्चर, पाऊस, कपडे वाळत नाहीत, आज इतकी दारं वाजवली, एकाने संत्री दिली. जोडीदार सतत बरोबर असायलाच हवा असा नियम, त्यामुळे एकटं असं फक्त बाथरूममध्येच राहता येतं. एकदा लिहिलं होतं, "रडायचं असलं की नळ सोडतो, मग तिथेच प्रार्थना करतो." ती ओळ वाचून दाखवताना ती थांबली होती. पण त्याच ईमेलच्या शेवटी, देव मला इथे ओळखतो, असंही होतं.

मी स्वतः देवाधर्मातली नाही आणि त्यावर वाद नकोय. ही पोरं तुम्हाला कुठे भेटली असतील तर लिहा.

चिंचगूळ

लाइपझिग, जुलै, मरणाचं ऊन. आई भारतातून आलेली. दारात दोघं, टाय लावून, घामाने निथळत. दोघांच्याही बिल्ल्यावर 'एल्डर', मिशनवरच्या मुलांना असंच म्हणतात. आईचं इंग्रजी शाळेतलं, पण पक्कं. म्हणाली, "दोघंही थोरले? मग धाकटा कुठाय?"

पुढे चहा विचारला, नको. कॉफी, नको. आईला वाटलं आपल्या हातचं चालत नाही, तोंड उतरलं तिचं. मग मी सांगितलं की त्यांच्यात चहा-कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. "अगोबाई, माळकरी आहेत होय!" म्हणून कोकम सरबत केलं. तीन-तीन ग्लास प्यायली पोरं.

हिमगौरी

@चिंचगूळ धाकटा कुठाय 😂😂 सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत माळकऱ्यांना चहा कधीपासून वर्ज्य झाला.

चिंचगूळ

आईला विचारून सांगते.

नागोयाकर

जपानात ही मुलं फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतात. माझी बायको जायची, बायबलसाठी नाही, बडबडीसाठी. सोमवारी त्यांची 'तयारीचा दिवस' म्हणून सुट्टी. सुट्टी म्हणजे कपडे धुणं, किराणा, घरी ईमेल, आणि संध्याकाळपासून परत काम. आमच्या कोपऱ्यावरच्या नाण्यांच्या लाँड्रीत भेटायची, मीही तिथेच. तेव्हा त्यांचं साडेसहाला उठणं, एक तास एकट्याने वाचन, एक तास जोडीने, वर भाषेचा अभ्यास, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, एकमेकांना पहिल्या नावाने हाकसुद्धा नाही. मी म्हटलं अरे हे आमच्या एनसीसी कॅम्पसारखं झालं, फक्त दोन वर्षांचा.

त्यातल्या एकाला घरून मैत्रिणीचं पत्र आलं, की मी आता थांबत नाही. असं इतक्या जणांचं होतं की त्या पत्राला त्यांच्यात वेगळं नावच आहे म्हणे. त्या रात्री त्याच्या जोडीदाराने (हा टोंगा बेटांवरचा, अंगाने माझ्या दुप्पट) करी-राईस केला आणि दोघं काही न बोलता जेवले. हे मला त्या टोंगावाल्यानेच सांगितलं, वॉशिंग मशीनकडे बघत. माणसं पटोत न पटोत, सहाएक आठवड्यांनी बदली होईपर्यंत एकत्रच राहायचं. लग्नापेक्षा अवघड.

खडूस_काका

गोड गोड चाललंय, चालू द्या. मला दार वाजवून धर्म सांगणं पटत नाही. दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा आले. तिसऱ्यांदा मी सत्यनारायणाची कथा ऐकवली, अध्याय पाचही. शांत बसून ऐकली हो! शिरा खाऊन गेले. परत आले नाहीत.

रानजाई

@खडूस_काका कथा लागू पडली 😀

मुलींबद्दल कोणीच लिहीत नाहीये. त्यांना 'सिस्टर' म्हणतात, त्यांचं मिशन अठरा महिन्यांचं. २०१२ मध्ये जायचं किमान वय २१ वरून १९ वर आणलं (मुलांचं १९ वरून १८) आणि मग खूप मुली जायला लागल्या. मँचेस्टरला मला सातवा महिना, नवरा ऑनसाइट, जिन्यात पिशव्या घेऊन बसले होते. या दोघी आल्या, पिशव्या उचलल्या, तिसऱ्या मजल्यावर. मी आधीच म्हटलं मला काही ऐकायचं नाही हं. बरं म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात येऊन फ्रिज पुसून दिला. खरंच फ्रिज! तेव्हा स्कर्टच घालावा लागे, त्या पावसात सायकलवर. पँटची मुभा २०१८ च्या शेवटी मिळाली.

एकीला विचारलं रोज लोक तोंडावर दार लावतात, वाईट नाही वाटत? म्हणाली, वाटतं. एवढंच.

कुकर झाला, नंतर येते.

डबल_बेल

पगार किती असतो यांना?

हिमगौरी

शून्य. उलट स्वतः भरतात. शेजारणीचा मुलगा गेला तेव्हा महिना ४०० डॉलर, २०२० पासून ५०० झाले. त्याने शाळेत असताना लोकांची लॉनं कापून साठवले होते, उरलेले आईबापांनी घातले. गरीब देशातल्या मुलांना चर्च मदत करतं.

नगरवाला

आम्ही नगरचे ख्रिस्ती. (अहिल्यानगर म्हणायचं आता, जिभेला वळण लागायचंय.) आमच्या पणजोबांकडे आले ते अमेरिकन मराठी मिशनचे, १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला नगरात. ते मॉर्मन नव्हेत. तेव्हा तर मॉर्मन पंथच नव्हता किंवा नुकता सुरू झालेला, त्यांचं पुस्तक १८३० चं. आमचे पाळक त्यांना आपल्यातले धरत नाहीत, त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीवरून मोठाच फरक आहे. पण गंमत म्हणजे मॉर्मनही महाराष्ट्रात लवकर येऊन गेले. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस १८५२ ला मुंबईत उतरला, पुण्यालाही राहिला. छावणीतले थोडे गोरे लोक सोडले तर फार कोणी लागलं नाही हाताला.

आजी टिळकांचे (लोकमान्य नव्हे, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक) अभंग म्हणायची, त्यामुळे मला दारातल्या त्या पोरांची भीती कधी वाटली नाही. अभंगातला ख्रिस्त आणि टायवाला ख्रिस्त, दोघांना ओळखतो मी.

पोहेवाला_बंगळुरू

आपल्याकडेही आहेत की. बंगळुरूत त्यांचं मिशन १९९३ पासून, आणि २०१८ ला इथे मंदिर बांधणार म्हणून जाहीर झालं. माझा टीममधला मुलगा विशाखापट्टणमचा, तेलुगू घरातला, दिल्लीकडे मिशन करून आलेला. दोन वर्षांत हिंदी अशी झाली की ऑटोवाल्याशी भांडतो. परत आल्यावर महिनाभर रस्त्याने चालताना मागे वळून बघायचा, जोडीदार कुठे राहिला म्हणून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडतो आणि त्याचे पैसे गरिबांसाठी देतो. आम्ही कँटीनमध्ये चहाला बोलावणं कधीच बंद केलं नाही, तो येतो, बडीशेप खातो.

निनावी_सध्या

वाचनमात्र असतो. आज लिहितो.

माझा रूममेट सात महिन्यांत परत आला. आजारपण, मनाचं. दक्षिण अमेरिकेत होता, झोप उडाली, रोज सकाळी उलटी. परत पाठवलं. विमानतळावर आई आणि भाऊ फक्त. हिमगौरीताईंचे फुगे वाचले आणि हेच आठवलं. त्याच्या छोट्या गावात कोण कधी परतणार त्या तारखा सगळ्यांना पाठ असतात, हा आता इथे कसा, असं दुकानात विचारायचे. तो काळा बिल्ला टेबलाच्या खणात ठेवला होता, खण उघडला की दिसायचा, म्हणून पेनं बाहेर ठेवायचा.

लोकांना वाटेल चर्च सोडलं असेल. नाही. दर रविवारी जायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. मी एकदा विचारलं का जातोस. म्हणाला, तिथे मला प्रार्थना करता येते, खोलीत येत नाही.

रानजाई

@निनावी_सध्या 🙏 आता कसा आहे तो?

निनावी_सध्या

बरा आहे. लग्न झालं. शाळेत शिकवतो.

खडूस_काका

माझी पोस्ट जरा उद्धट झाली असावी. शिरा मात्र चांगला झाला होता.

हिमगौरी

काका, असू द्या. निनावी, फुग्यांबद्दल लिहिताना हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

शेजारणीच्या मुलाचं राहिलं. तैवानहून आला त्या आठवड्यात आम्हाला सगळ्यांना चिनी हॉटेलात घेऊन गेला. मेन्यू मिटला आणि खाडखाड चिनीत ऑर्डर. वाढणारा बघतच राहिला. मेक्सिकोचा निघाला. मग बापाने स्पॅनिशमध्ये ऑर्डर दिली, त्यांचं मिशन ग्वातेमालाला झालेलं.

डबल_बेल

अवांतर, पण युटातल्याच स्पॅनिश फोर्क गावच्या इस्कॉन मंदिरातली होळी पाहिलीय का कोणी? निम्मी गर्दी मॉर्मन कॉलेजातली असते. यंदा जायचा विचार आहे, पार्किंग मिळतं का?

हिमगौरी

सकाळी लवकर जा. आणि जुने बूट घाला.

चिंचगूळ

आईचा निरोप: चहाचं तिला नक्की माहीत नाही, पण कोकमात जिरं घालायला विसरले होते असं म्हणतेय.