मदत हवी आहे : एउनाते येथील अष्टकोनी चॅपेलभोवतीच्या कमानींविषयी

नमस्कार. स्पेनमधील नावारा प्रांतात, सांतियागो दे कोंपोस्तेलाला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रामार्गावर पुएंते ला रेइना गावाच्या अलीकडे, शेतांमध्ये एकाकी उभ्या असलेल्या सांता मारिया दे एउनाते या १२व्या शतकातील रोमनेस्क (गोल कमानी व जाड भिंतींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतील) चॅपेलवर, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहावर, मी एक लेख लिहीत आहे. त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

वास्तू लहान आणि अष्टकोनी आहे, पण हा अष्टकोन काटेकोर नाही. छताच्या आठ फासळ्या (घुमटाखालच्या कमानदार दगडी पट्ट्या) मध्यभागी एकत्र येतात, तर गर्भगृह आतून अर्धवर्तुळाकार आणि बाहेरून पंचकोनी आहे. मात्र माझे खरे कुतूहल आहे ते चॅपेलला वेढणाऱ्या, भिंतींपासून सुट्या उभ्या असलेल्या कमानींच्या ओळीबद्दल. तिच्यावर पूर्वी छप्पर होते, की हा मुळातच उघडा प्रदक्षिणामार्ग होता?

परिसरातील दफनांत सांतियागोच्या यात्रेकरूंची खूण असलेले शिंपले सापडल्यामुळे ही स्मशानवास्तू असावी, हे मत मला अधिक पटते. टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढाऊ संघाच्या योद्ध्यांशी जोडली जाणारी लोकप्रिय कथा कागदोपत्री पुराव्याअभावी बाजूलाच ठेवावी, असे वाटते (पर्यटकांना ती फार आवडते, हे खरे).

त्याच मार्गावरील तोरेस देल रिओच्या अष्टकोनी चर्चमध्ये फासळ्या मध्यबिंदू टाळून कोर्दोबाच्या मशिदीतल्याप्रमाणे एकमेकींना छेदतात, परंतु तिथे बाहेर अशी कमानींची ओळ नाही. हा फरक केवळ उपयोगामुळे पडला असेल का? कमानींच्या बांधकामाचे टप्पे किंवा दुरुस्त्या यांचा सविस्तर अभ्यास, विशेषतः मोजमापांसह काढलेले आराखडे, कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे. स्पॅनिश मजकूरही चालेल.