उपग्रहाले रानडुक्कर दिसते काय?

बरडवाला: काल इथं एकानं पोस्टमध्ये ठोकून दिलं, "उपग्रहाची चित्रं अन् पाण्याचा ताळेबंद जुळवला की पिकाचा अंदाज निघतो; विम्यासाठी पीक कापणी प्रयोगाची, म्हणजे शेतातला ठरलेला तुकडा कापून उत्पन्न मोजायची, गरजच नाही." तेव्हापासून डोकं भणभणतंय. २०१७ ला माझी पऱ्हाटी ऑक्टोबरात छातीला लागत होती, हिरवीगार. वरून पाहणाऱ्यानं एकरी १० क्विंटल लिहिले असते. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी कापूस. वेचणीची मजुरी निघाली नाही. पानाचा हिरवेपणा मोजून बोंडातली अळी कशी दिसते, सांगा.

ढगाआड: पोस्ट माझी. मी सोयाबीनचं बोलत होतो, तुम्ही पऱ्हाटी आणली. पीक विम्यात २०२३ पासून या अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिलं ते धान-गव्हाला, सोयाबीन त्यानंतर. बाकीचं वजन कापणी प्रयोगाचंच. "गरजच नाही" हे जास्त झालं, घेतलं मागे. पण प्रयोगाचं पावित्र्य मला सांगू नका. आमच्या महसूल मंडळातल्या निम्म्या प्लॉटचे आकडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसूनच भरले. उपग्रहाला कोणी चहा पाजत नाही.

नाल्याकाठी: चहा नाही, पण माती खोटी सांगता येते ना! पाण्याचा ताळेबंद म्हणजे पडलेला पाऊस, त्यातून वाहून गेलेला वजा, पिकानं उडवलेला वजा, उरलं ते जमिनीत. खोल काळ्या जमिनीत मीटरभरात पिकाच्या कामाचं दीड-दोनशे मिमी पाणी राहतं. टेकडीच्या बरडावर वीतभर माती, खाली मुरूम. तिथं जेमतेम ३० मिमी, आठवड्यात खलास. शेंगा भरताना १८ दिवस उघाड पडली, तर माझं सोयाबीन तग धरतं, वरच्याचं माना टाकतं. तुमच्या नकाशात दोघांची जमीन एकच.

जागल्या: थे सारं सोडा राजेहो. रानडुक्कर दिसते काय उपग्रहाले? मांगच्या साली एका रातीत अर्धा एकर भुईसपाट केला.

ढगाआड: १० मीटरचा चौकोन दिसतो. अर्धा एकर आरामात दिसेल. ढग असले तरी रडारला अडत नाहीत.

जागल्या: दिसून काय फायदा? विम्याले धरलेल्या मंडळाच्या सरासरीत माहा अर्धा एकर कुठी लागते?

नाल्याकाठी: कुंपणाला झटका मशीन लावा.

जागल्या: लावली होती. बॅटरी चोरीले गेली. धुऱ्यावर साड्या बांधल्या, तं रोही (नीलगाय) साड्या घेऊन गेला!

बरडवाला: आमच्याकडे डुक्कर साड्यांना सरावलेत. फटाके वाजवले की दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी पिल्लांसह हजर.

ढगाआड: विषय ताळेबंदाचा होता.

जागल्या: काहून भाऊ, रानडुकराचा खर्च ताळेबंदात नाही येत?

बरडवाला: ढगाआड साहेब, एक कबूल. अख्ख्या मंडळात पावसानं दगा दिला असेल, तर तुमचं यंत्र धुऱ्यावर बसणाऱ्यापेक्षा खरं बोलेल. तेवढ्यापुरतं ठेवा. पण आधी आमच्या बरडात एक टिकाव मारून माती मोजून जा.

ढगाआड: येतो. चहा पाजणार असाल तर.

जागल्या: या, पण रातीचे या. मी जागलीवर चाललो, टॉर्च तुमचाच आणा.