मदत हवी आहे: पेशंट गेल्यावर केअरटेकर मावशींना सावरायला काय करता येईल?

नमस्कार मंडळी, मी पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात ड्युट्या लावायचं काम बघते. आमच्याकडे अंथरुणाला खिळलेले आणि डिमेन्शियाचे पेशंट जास्त, आणि त्यांचं स्पंजिंग, डायपर, नळीतून फीड, बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं मावश्याच करतात.

गेल्या आठवड्यात एक आजी गेल्या. त्यांच्याकडची मावशी राहून चोवीस तासांची ड्युटी करायची, शेवटी शेवटी आजी पोटच्या मुलीला ओळखत नव्हत्या पण हिचा आवाज आला की घास घ्यायला तोंड उघडायच्या. त्या गेल्या, अँब्युलन्स गेली, हिने खोली आवरली, एअरबेड पुसून ठेवला आणि संध्याकाळी हिला दुसऱ्या आजोबांकडे ड्युटी लागली कारण माणसं कमी. रडली वगैरे नाही. पण रात्री दोनला उठून जुन्या खोलीचं दार ढकलून बघून येते, ताटातलं अर्धं तसंच ठेवते, आणि काल आंघोळीच्या वेळी आजोबांनी हात उगारला तर बाजूला न होता तशीच उभी राहिली. मला धस्सच झालं.

ऑफिसने मध्ये स्ट्रेसवर लेक्चर ठेवलेलं, तेही दुपारच्या विश्रांतीच्या वेळात, त्याचा काय उपयोग होणार? घरच्यांना भेटायला चार लोक येतात, हिच्याकडे कोण येणार? विचारलं की म्हणते, काही नाही ताई, बरी आहे. काम जाईल ही भीती आहे, दुसरं काय. तुमच्याकडे कोणी प्रत्यक्षात काही केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १: ताई, मी पॅलिएटिव्हमध्ये, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करण्याची काळजी घेतात तिथे, नर्स आहे. आधी पगार न कापता तिला दोन दिवस घरी पाठवा, आणि परत आल्यावर काम तिचंच आहे हे तुम्ही स्वतः तोंडाने सांगा. दहावा झाला नसेल तर आजींच्या मुलीशी बोलून तिला तिथे न्या, आमच्याकडे याचा खूप फरक पडतो. आमच्यात पेशंट गेला की ड्युटी बदलताना पंधरा मिनिटं सगळ्या बसतात, त्या पेशंटबद्दल ज्याला जे बोलायचं ते बोलतात, गप्प बसलं तरी चालतं. आणि डिमेन्शियात आंघोळीला मारणं कॉमन आहे हो, थंडी वाजते, कोण हात लावतंय कळत नाही, तेव्हा आजोबांच्या आंघोळीला दोघी जणी द्या, सध्या तिला एकटीला पाठवू नका.

प्रतिसाद २: टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ स्टाफरूममध्ये लावून ठेवा, २०२२ पासून सुरू आहे, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं. फोन तिला एकटीला करू द्या, सुपरवायझर शेजारी असली की कोणी खरं बोलत नाही. झोप आणि जेवण दोन आठवड्यांत रुळावर आलं नाही तर सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा, आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर मात्र त्याच दिवशी, थांबू नका.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. दहावा परवा आहे, मुलीला आत्ताच फोन केला, ती म्हणाली मावशींना नक्की आणा. रजेचं ऑफिसशी मी भांडून घेते. फक्त ती पंधरा मिनिटं रात्रपाळीवाल्यांना कशी द्यायची, सकाळी सातला त्यांना घराकडे जाणारी बस गाठायची असते, कोणी जमवलंय का हे?