मदत हवी आहे : कासवाच्या पिल्लाचे कवच मऊ पडले आहे (सोलापूर)

तलावकाठ | १७ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार. आमच्याकडे कासवाचे एक लहान पिल्लू आहे. गेल्या आठ-दहा दिवसांत त्याचे कवच मऊ पडले असून पाठीवर बोटाने हलकेच दाबले तरी ते आत जाते. चार दिवसांपासून त्याने काहीही खाल्लेले नाही आणि ते मान आत ओढून टाकीच्या एका कोपऱ्यात पडून राहते. दोन दवाखान्यांत फोन केला. एका ठिकाणी फक्त कुत्री, मांजरे आणि दुभती जनावरे पाहतो असे सांगण्यात आले, दुसरीकडे फोनच उचलला गेला नाही. कॅल्शियमचे कोणते औषध द्यावे आणि त्याचे किती थेंब द्यावेत, एवढेच कृपया कोणीतरी लगेच सांगावे. ऊन, पाणी, खाणे हे सगळे व्यवस्थित आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको. माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेतून आल्यावर ती दप्तर न काढता आधी टाकीजवळ जाते आणि तिला काय सांगावे हे मला समजत नाही, म्हणून घाई करत आहे.

भीमाकाठ | रात्री १०:०५

आपली घाई समजते, पण हे कासव कोणत्या जातीचे आहे हे आपण लिहिलेले नाही आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. आपल्याकडे भीमेच्या खोऱ्यात अशीही कासवे आहेत, ज्यांचे कवच जन्मापासून मऊ, कातड्यासारखे असते आणि तो आजार नव्हे. हे पिल्लू नदीत, विहिरीत किंवा शेततळ्यात सापडले असेल, तर ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी ते घरात ठेवणे गुन्हा ठरतो. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवल्यास पुढील व्यवस्था होते. कृपया रंग, आकार आणि ते कोठून आणले हे लिहावे.

तलावकाठ | रात्री १०:१४

नदीतून आणलेले नाही. दिवाळीच्या आधी दुकानातून विकत घेतले. तेव्हा ते दहा रुपयांच्या नाण्याहून थोडे मोठे होते, आताही फारसे वाढलेले नाही. रंग हिरवा आहे, डोळ्यामागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा आहे. घेतले तेव्हा कवच टणक होते. आता तरी औषध सांगावे.

भीमाकाठ | रात्री १०:२२

म्हणजे ते लाल कानाचे स्लायडर आहे. ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील, पाण्यात राहणारी आहे आणि तिचे कवच टणकच असायला हवे. तेव्हा हा मऊपणा आजाराचा आहे, माझी पहिली शंका मागे घेतो. एक विनंती मात्र आत्ताच करतो. पुढे काहीही झाले तरी हे कासव कंबर तलावात किंवा हिप्परग्याला नेऊन सोडू नये. परक्या जातीचे प्राणी सोडल्याने स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा जाते, शिवाय आजारी पिल्लू तिथे जगणारही नाही.

जुनी_ओसरी | रात्री १०:३१

आमच्या सासरी विहिरीत कासव असे आणि त्याला काही झाले की सासूबाई खोबरेल तेलात हळद कालवून त्याच्या पाठीला लावत. चार दिवसांत पाठ पुन्हा दगडासारखी होई, हे मी स्वतः पाहिले आहे. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हातही ठेवून पाहावे. तान्ह्या बाळालासुद्धा आपण तेल लावून कोवळ्या उन्हात धरतोच.

मत्स्यपालक_जुळेसोलापूर | रात्री १०:४०

मी बारा वर्षे मासे आणि कासवे पाळत आहे. तेल आणि हळद कवचावर वरून लावून काहीही होणार नाही, कारण मऊ पडलेले आहे ते आतील हाड. कासवाचे कवच म्हणजे त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा जुळून बनलेला सांगाडाच असतो. धागाकर्त्यांनी पुढील गोष्टी सांगाव्यात. खायला नेमके काय देता? टाकीत पाण्याबाहेर येऊन कोरडे होण्यासाठी जागा आहे का? पाण्याचे तापमान किती? यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील (यूव्ही) किरण देणारा दिवा, लावला आहे का? दिवा नसेल तर उद्या सकाळी पहिले काम तेच करावे. दिव्याशिवाय या जातीचे पिल्लू घरात वाढत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तलावकाठ | रात्री १०:५२

खायला दुकानातून मिळालेल्या डबीतील वाळलेली कोळंबी देतो, दुसरे काही नाही. दुकानदाराने हेच पुरेसे आहे असे सांगितले होते. टाकीत रंगीत खडे आहेत, पाणी वरपर्यंत भरलेले असते. बाहेर यायची वेगळी जागा नाही. तापमान कधी मोजलेले नाही. पाणी चार-पाच दिवसांआड येते, त्यामुळे पिंपात साठवलेलेच वापरतो. दिवा नाही, कारण त्याची गरजच नाही. टाकी पूर्वेच्या खिडकीत आहे आणि रोज दोन-तीन तास ऊन थेट तिच्यावर पडते.

औषधी_कपाट | रात्री ११:०२

मी औषधाच्या दुकानात काम करतो. कवच मऊ पडणे म्हणजे ड जीवनसत्त्वाची कमतरता. आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची जी पुडी मिळते, तिचा चिमूटभर भाग पाण्यात टाकावा आणि लहान मुलांचे कॅल्शियमचे सिरप दोन थेंब तोंडात सोडावे. माझ्या पुतण्याला याच उपायाने गुण आला होता.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी | रात्री ११:१०

वरील सल्ला कृपया अमलात आणू नये, हे मी अत्यंत कळकळीने लिहीत आहे. त्या पुडीतील मात्रा मोठ्या माणसासाठी असते आणि आपले पिल्लू काही ग्रॅमचे आहे. चिमूट म्हणजे किती हे कोणालाही मोजता येणार नाही. ड जीवनसत्त्व शरीरात साठून राहते आणि जास्त झाले तर कॅल्शियम मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत जमा होऊ लागते. सिरप बळेच तोंडात सोडले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. थेंब किती हे वजन पाहून आणि पिल्लू हातात घेऊनच ठरवावे लागते, म्हणून आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथे कोणीही देऊ नये असे मला वाटते.

मला एकच विचारायचे आहे. खिडकी उघडी असते की काच लावलेली?

शुद्धजल | रात्री ११:१६

दिवा महाग पडत असेल, तर पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील जुनी यूव्ही नळी वापरता येईल असे वाटते. माझ्याकडे दोन पडून आहेत, सात रस्त्यावरून घेऊन जाव्यात.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी | रात्री ११:१९

मदतीची भावना चांगली आहे, पण ती नळी कोणत्याही प्राण्याजवळ लावू नये. तिच्यातून यूव्हीसी किरण निघतात, जे जंतू मारण्यासाठी असतात. त्यांनी पिल्लाचे डोळे आणि कातडी भाजेल आणि घरातील माणसांच्या डोळ्यांनाही इजा होईल. कासवाला लागतात ते यूव्हीबी, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण. नावात यूव्ही असले तरी दोन्ही सर्वस्वी भिन्न आहेत.

तलावकाठ | रात्री ११:२५

थंडी सुरू झाल्यापासून खिडकी बंदच असते. पण काच स्वच्छ आहे आणि टाकीला हात लावला तर ती कोमट लागते. ऊन आत येते हे दिसतेच आहे.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी | रात्री ११:४१

उजेड येतो आणि ऊबही येते, पण खिडकीची साधी काच यूव्हीबी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्या किरणांमुळे कासवाच्या कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होऊ लागते आणि त्याच्यामुळे अन्नातील कॅल्शियम आतड्यातून शोषले जाते. किरण मिळाले नाहीत, तर खाल्लेले कॅल्शियमही वाया जाते. मग रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते. पिल्लू वाढीच्या वयात असल्याने याचा परिणाम आधी कवचावर आणि जबड्यावर दिसतो. त्यात आहार केवळ वाळलेल्या कोळंबीचा असेल, तर त्याला आवश्यक जीवनसत्त्वे आणि पुरेसे कॅल्शियम मिळालेलेच नाही. आपण काळजी घेतली नाही असे मी म्हणत नाही. काचेची गोष्ट सांगितल्याशिवाय कोणालाही कळत नाही.

आज रात्रीच करण्यासारखे पुढे लिहिते. कवच दाबून पाहणे पूर्णपणे थांबवावे, कारण या अवस्थेत हाडे मोडू शकतात. उचलायचे झाल्यास खालून पूर्ण तळहाताचा आधार द्यावा. पाणी कमी करून जेमतेम त्याच्या कवचाच्या उंचीइतके ठेवावे. अशक्त पिल्लू खोल पाण्यात बुडूही शकते, जरी ते पाण्यात राहणारे असले तरी. एका बाजूला सपाट फरशी उतरती ठेवावी म्हणजे त्याला कोरडे होता येईल. पाण्याचे तापमान २६ ते २८ अंशांच्या आसपास असावे. जानेवारीत सोलापूरच्या रात्रीही गार असतात आणि शरीर थंड पडले की या प्राण्यांना अन्न पचत नाही, त्यामुळे भूक मंदावण्याचे तेही एक कारण असू शकते. खाण्याची सक्ती करू नये. आणि डोळे सुजून बंद झाले आहेत का, नाकातोंडातून बुडबुडे येतात का, पोहताना एका बाजूला कलते का, कवचाला दुर्गंधी येते का, हे उद्या सकाळी पाहून लिहावे. यांतील काही असेल तर आजार केवळ कॅल्शियमचा नाही.

गच्चीवरची_बाग | १८ जानेवारी, सकाळी ७:०५

मग दिव्यावर पैसे घालण्यापेक्षा गच्चीवर न्यावे. सोलापुरात उन्हाला तोटा नाही. आमचे कासव सहा वर्षे केवळ उन्हावर वाढले आहे.

मत्स्यपालक_जुळेसोलापूर | सकाळी ७:३०

याला माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. पाच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी एक पिल्लू प्लास्टिकच्या टबमध्ये गच्चीवर ठेवले आणि फोन आला म्हणून खाली गेलो. वीस-पंचवीस मिनिटांनी परतलो तेव्हा टबातले पाणी कढत झाले होते आणि पिल्लू गेले होते. त्या दिवसापासून मी कोणालाही ऊन सुचवत नाही. दिव्याचे अंतर ठरवता येते, उन्हाचे ठरवता येत नाही.

गच्चीवरची_बाग | सकाळी ७:४४

आपल्या पिल्लाबद्दल वाचून फार वाईट वाटले. पण ते एप्रिलचे ऊन होते, हा जानेवारी आहे. अर्धा टब झाकून सावली केली आणि माणूस शेजारी बसून राहिला, तर ऊब नको वाटली की कासव स्वतःच सावलीत सरकते. यूव्हीबीचा दिवा सोलापुरात लगेच मिळेलच असे नाही, मागवला तर चार-सहा दिवस जातील. तोपर्यंत पिल्लाने काय करायचे?

जुनी_ओसरी | सकाळी ८:१०

तेलाचे माझे म्हणणे मी सोडते, हाडाची गोष्ट मला माहीत नव्हती. पण कोवळे ऊन तरी चालेल ना?

पशुवैद्यक_विद्यार्थिनी | सकाळी ८:२५

ताई, कोवळे ऊन निर्धोक असते, पण या कामासाठी ते कमी पडते. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो आणि यूव्हीबी वाटेतच गळून जातात. या दिवसांत साडेनऊ ते साडेदहाच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, अर्धी सावली हवी, आणि मोठ्या माणसाने तेथून हलू नये. घारी व कावळे हाही विचार करावा. दिवाही मागवावाच, कारण मार्चपासून गच्ची धोक्याची होईल. म्हणजे वरील दोघांचेही म्हणणे आपापल्या ऋतूत बरोबर आहे.

नवखा_पालक | सकाळी ९:००

माझ्याकडेही असेच कासव आहे. ते नर आहे की मादी हे नखांवरून ओळखता येते. नराची पुढच्या पायांची नखे लांब असतात.

मत्स्यपालक_जुळेसोलापूर | सकाळी ९:१२

या वयात ते ओळखता येत नाही आणि येथे तो प्रश्नही नाही. आहाराबद्दल लिहितो. डबी बंद करावी. पाण्यातील कासवांच्या पिल्लांसाठी मिळणारे पूर्ण आहाराचे दाणे, गांडुळाचे लहान तुकडे, काट्यासकट छोटे गप्पी मासे द्यावेत. नुसते चिकन किंवा काळीज देऊ नये, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. समुद्रफेनाचा, म्हणजे माकूल या समुद्री प्राण्याच्या आतील कॅल्शियमयुक्त कवचाचा, तुकडा पाण्यात तरंगत ठेवावा. तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, पाठीमागचा कडक पापुद्रा मात्र काढून टाकावा. पालक देऊ नये, त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

तलावकाठ | १८ जानेवारी, दुपारी १:२०

डोळे उघडे आहेत, बुडबुडे नाहीत, दुर्गंधी नाही. मुलीच्या आजोबांना शेजारी बसवून वीस मिनिटे गच्चीवर ठेवले. पहिल्यांदाच त्याने मान पूर्ण बाहेर काढली. काल रात्री मी चिडून लिहिले, त्याबद्दल सर्वांची क्षमा मागतो. खिडकीतले ऊन हे ऊन नसते, हे मला खरोखर माहीत नव्हते. तीन महिने मी रोज सकाळी पडदा बाजूला करून ते त्याच्यासाठीच आत घेत होतो.

पशुवैद्यक_विद्यार्थिनी | दुपारी १:४५

उन्हाने आणि आहाराने पुढचे बिघडणे थांबेल, पण चार दिवसांचा उपवास असलेल्या पिल्लाला डॉक्टरांनी पाहणे आवश्यक आहे. सोलापुरात कोणी मिळाले नाही तर पुण्यात सरपटणारे प्राणी पाहणारे पशुवैद्यक आहेत. नेताना पाणी भरून नेऊ नये. झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ओलसर मऊ कापड पसरून न्यावे. सराफाच्या काट्यावर आधी वजन करून घ्यावे. आणखी एक, मुलीने हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक आहे. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये.

तलावकाठ | २४ जानेवारी, रात्री ८:३५

परवा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन आलो. पिल्लाचे वजन बारा ग्रॅम भरले. डॉक्टरांनी जबडा तपासला, तोही लवचीक झाला होता. कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, पुढचे औषध वजनानुसार मोजून सिरिंजमध्ये भरून दिले आणि ते कसे द्यायचे हे माझ्या हातून करवून घेतले. वाचेलच असे त्यांनी सांगितले नाही. वाचले तरी कवच टणक व्हायला काही महिने लागतील आणि पाठीवरचा खोलगटपणा कदाचित कायम राहील, असे स्पष्ट सांगितले. मुलीलाही मी तेच सांगितले आहे. आज सकाळी गच्चीवरून खाली आणल्यावर त्याने गांडुळाचा तुकडा स्वतःहून तोंडात घेतला, अर्धा टाकला, अर्धा खाल्ला. यूव्हीबीची नळी उद्या येईल. ती टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवली तर चालेल का?

मत्स्यपालक_जुळेसोलापूर | रात्री ८:५०

चालणार नाही, झाकणाचीही काचच आहे. झाकण काढून वर मोठ्या छिद्रांची जाळी बसवावी आणि नळी कोरड्या फरशीच्या बरोबर वर, पाकिटावर दिलेल्या अंतरावर टांगावी. बसवल्याची तारीख कागदावर लिहून टाकीला चिकटवावी, कारण सहा महिने ते वर्षभरात उजेड तसाच दिसत राहतो पण यूव्हीबी कमी होतात. टांगायला अडचण आली तर रविवारी मी येऊन बसवून देईन, पत्ता निरोपात कळवावा.