यूरिक ॲसिड ७.९, त्रास काहीच नाही. गोळी घ्यायची का?

रंकाळाकाठ: कंपनीच्या तपासणीत ७.९ आलं. सांधा दुखत नाही, मुतखडा नाही, किडनी ठीक. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, वजन आणि बिअर कमी करा. मला हे पटत नाही. साधारण ६.८ च्या वर यूरिक ॲसिडचे स्फटिक होऊ शकतात. मग पाय सुजायची वाट का बघायची?

पेठकर: कारण ६.८ ओलांडलेल्या बहुतेकांना गाऊट, म्हणजे या स्फटिकांनी सांधा सुजून दुखणं, होतच नाही. यूरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉल म्हणजे लिमलेटची गोळी नव्हे भावा, क्वचित अंगावर जीवघेणं पुरळ उठतं. ब्रिटनमध्ये हृदयरोग्यांना ती देऊन बघितली, २०२२ साली निकाल आला: हार्ट अटॅक कमी झाले नाहीत.

शाहूपुरीवाली: पण दाह खोटा नाही ना? पांढऱ्या पेशीनं स्फटिक गिळला की आत एनएलआरपी३ नावाची प्रथिनांची जुळणी होते, दाह पेटवणारं इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं आणि न्यूट्रोफिल नावाच्या आणखी पांढऱ्या पेशी धावत येतात. २००६ पासून माहीत आहे हे. माझ्या सासऱ्यांना रात्री अंगठ्यावर चादर सहन होत नाही, ती यामुळंच. शिवाय मरणाऱ्या पेशींमधलं यूरिक ॲसिड प्रतिकारशक्तीला धोक्याचा इशारा देतं.

पेठकर: सगळं मान्य, पण ताई, भडका स्फटिकांचा आहे. रक्तात विरघळलेलं यूरिक ॲसिड तर ऑक्सिडीकरण रोखायचंही काम करतं. रिपोर्टवरच्या आकड्याला दाह म्हणू नका.

गंगावेस_कट्टा: मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा बंद करा, आकडा आपोआप उतरेल!

शाहूपुरीवाली: इतकं सोपं नाही हो. बराचसा भाग शरीर स्वतःच बनवतं, आणि किडनी किती बाहेर टाकते यात आनुवंशिकता मोठी. कलेजी, वजडी जरूर कमी करा. पण उसाच्या रसाचं कुणीच नाव घेत नाही! त्यातल्या साखरेतून फ्रुक्टोज मिळतं आणि तेही यूरिक ॲसिड वाढवतं. गुऱ्हाळावर दोन-दोन ग्लास पिऊन मटणाला शिव्या घालायच्या.

रंकाळाकाठ: पेठकर, काही जणांना दुखणं नसतानाही सोनोग्राफीत सांध्यावर स्फटिक दिसतात. तुमचा 'त्रास नाही' तिथं टिकतो का?

पेठकर: मग सोनोग्राफीचं विचारा डॉक्टरांना. दिसले तरी गोळी लगेच लागतेच असं नाही. वर्षात गाऊटचे दोन झटके, किंवा कातडीखाली गाठी आल्या, तर मी स्वतः म्हणेन घ्या. तीही थोड्या मात्रेनं, कारण सुरुवातीच्या महिन्यांत गोळीमुळंच झटका येऊ शकतो.

रंकाळाकाठ: वाट बघायला तुमचा अंगठा नाही ना. सहा महिन्यांनी परत रक्त देतो, मग भांडू.